बाम, गंधपुरा आणि मिरचीचे मलम: दुखऱ्या जागेवर लावण्यापूर्वी

चार वर्षांपूर्वी, मार्गशीर्षातल्या एका थंड रात्री, मी आईच्या उजव्या गुडघ्याला मलम चोळले, त्यावर शेकायची रबरी पिशवी ठेवली आणि पिशवी जागची हलू नये म्हणून वरून क्रेप बँडेज गुंडाळले. आईला लगेच झोप लागली आणि मलाही बरे वाटले. पहाटे बँडेज सोडले, तेव्हा गुडघ्याच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढा फोड आला होता आणि त्याच्या भोवतीची कातडी ताणून चकाकत होती. मलम मुदतीतले होते, पिशवीतले पाणी उकळते नव्हते आणि बँडेजही घट्ट नव्हते. या तीन गोष्टी एकत्र आणणे हीच चूक होती आणि ती माझी होती. त्या फोडाचा डाग आजही आईच्या गुडघ्यावर आहे.

त्यानंतर मी या मलमांविषयी मिळेल ते वाचले, डॉक्टरांना आणि औषधाच्या दुकानदारांना विचारले, आणि आईचे गुडघे व माझी वारंवार धरणारी कंबर या दोन्हींसाठी ती नीट वापरायला शिकलो. ज्यांच्या घरी नुकतेच कोणाचे गुडघे दुखू लागले आहेत किंवा ज्यांनी दुकानातून पहिलीच ट्यूब आणली आहे, त्यांच्यासाठी ते सगळे इथे क्रमाने लिहीत आहे.

१. लाली म्हणजे काय, हे आधी समजून घ्या

त्वचेला चुरचुर, ऊब किंवा गारवा देऊन तिथला रक्तपुरवठा वाढवणाऱ्या आणि त्वचा लाल करणाऱ्या औषधांना इंग्रजी वैद्यकात रुबेफेशियंट म्हणतात. गंधपुरा या झुडपाच्या तेलातले मिथाइल सॅलिसिलेट, कापूर, पुदिन्याचे फूल म्हणजे मेंथॉल, टर्पेंटाइन, मोहरी आणि मिरचीतले कॅप्सेसिन ही त्यांतली मुख्य नावे. आपल्याकडे हा प्रकार काही नवा नाही. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी १८९३ साली मुंबईतच अमृतांजन सुरू केले आणि पुढच्या पिढ्यांच्या उशाशी बामची डबी आली.

ही औषधे दुखण्याच्या मुळाशी पोहोचतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्यांचे बहुतेक काम त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर चालते. मिरचीने तोंड भाजते ते मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहकामुळे, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रेणूमुळे (इंग्रजीत रिसेप्टर), त्याचा शोध डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत १९९७ साली लागला. खरी उष्णताही हाच ग्राहक ओळखतो, त्यामुळे कॅप्सेसिन लावले की त्वचा गरम झालेली नसतानाही मेंदूला ती भाजते आहे असेच कळते. मेंथॉल अशाच प्रकारे गारव्याचा ग्राहक चेतवते. या संशोधनासाठी ज्युलियस यांना आर्डेम पटापुटियन यांच्याबरोबर २०२१ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. चेतवलेली ही टोके आजूबाजूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावणारी द्रव्ये सोडतात आणि म्हणून त्वचा लाल होते. दुखऱ्या जागी दुसरी तीव्र संवेदना पोहोचली की मूळ वेदनेचा निरोप मज्जारज्जूतच काहीसा अडवला जातो, अशी उपपत्ती रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडली होती. लागलेल्या जागेवर आपण नकळत हात चोळतो, त्यामागेही हेच कारण आहे.

याचा अर्थ असा की लाली म्हणजे मज्जातंतू चेतवले गेल्याची खूण आहे; सांध्याच्या आत काही सुधारले याचा तो पुरावा नाही. हे लक्षात राहिले तर निम्मे अपघात टळतील, कारण बहुतेक अपघात 'अजून म्हणावे तसे लागले नाही' असे म्हणून पुन्हा चोळल्याने होतात. त्यातून आपली त्वचा गव्हाळ किंवा सावळी. तिच्यावर लाली पटकन दिसत नाही. लाली दिसण्याची वाट पाहत जो चोळत राहील, तो मात्रेच्या फार पुढे निघून गेलेला असेल.

२. हे दुखणे मलमाचे आहे का, ते ठरवा

मान अवघडणे, कंबरेत उसण भरणे, पाय मुरगळणे, मुका मार, जिना चढताना कुरकुरणारे गुडघे या तक्रारींवर मलम लावून पाहायला हरकत नाही. मात्र पुढील दुखण्यांवर मलमाची ट्यूब उघडूसुद्धा नये.

छातीत दुखत असेल, दुखणे डाव्या हातात, खांद्यात किंवा जबड्यात जात असेल, सोबत घाम आणि धाप असेल, तर ते 'गॅसचे' समजून बाम चोळत बसू नका. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. हे मी सर्वांत आधी लिहीत आहे, कारण बामच्या उबेने काही मिनिटे बरे वाटते आणि नेमकी तीच मिनिटे मोलाची असतात. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. अशी पोटरी चोळणे धोक्याचे आहे. सांधा सुजून गरम झाला असेल आणि तापही असेल, किंवा कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली असेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

३. नाव नव्हे, घटक वाचा

दुकानात आपण ट्यूब नावाने मागतो. घरी आल्यावर मात्र चष्मा लावून मागचे बारीक अक्षर वाचावे. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक 'पेन रिलीफ जेल'मध्ये एकच औषध नसून मिश्रण असते आणि त्याचे प्रमाण पुष्कळदा असे असते: डायक्लोफिनॅक डायइथाइलअमाइन १.१६ टक्के, जवसाचे तेल ३ टक्के, मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के आणि मेंथॉल ५ टक्के; काहींत वर ०.०२५ टक्के कॅप्सेसिनही असते. यातले डायक्लोफिनॅक हे सूज उतरवणारे औषध आहे, त्वचा लाल करणारे नव्हे. चुरचुर, ऊब आणि वास येतो तो बाकीच्या घटकांमुळे.

हा भेद महत्त्वाचा आहे. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१४ सालच्या आढाव्यात असे दिसले की, सॅलिसिलेट असलेल्या मलमांचा नव्या दुखापतीत उपयोग होतो असे म्हणण्याइतका पुरावा नाही आणि जुनाट दुखण्यात ती सूज उतरवणाऱ्या मलमांच्या तुलनेत कमी पडतात. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांनी तर सांध्यांच्या झिजेवर रुबेफेशियंट देऊ नयेत, असेच म्हटले. गुडघा आणि हाताच्या सांध्यांसाठी कॅप्सेसिनला मात्र जागा ठेवली. म्हणून पाय मुरगळला असेल किंवा गुडघ्याची झीज असेल, तर डॉक्टरांना किंवा दुकानदाराला 'फक्त डायक्लोफिनॅकचे जेल द्या' असे सांगावे, हे माझे मत आहे. त्याला झोंबरा वास नसतो, ऊबही लागत नाही, म्हणून आईला पहिले आठ दिवस ते 'काहीच नाही' असे वाटत होते. तिने ते नेमाने लावले आणि जिना उतरताना कठडा धरणे कमी झाले, तेव्हा तिचे मत बदलले.

यातला एक सापळा 'आयुर्वेदिक' या शब्दाचा आहे. डबीवर गंधपुरा तेल, पुदिन्याचे फूल, कापूर, निलगिरी तेल अशी नावे वाचून ती सौम्य असेल असे वाटते. परंतु गंधपुऱ्याचे तेल म्हणजे जवळजवळ शुद्ध मिथाइल सॅलिसिलेटच. त्याच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, ३२५ मिलिग्रॅमच्या २१ अ‍ॅस्पिरिन गोळ्यांइतके सॅलिसिलेट असते. रेणू झाडातून आला की कारखान्यातून, याने शरीराला फरक पडत नाही.

४. ज्यांना लावायचे, त्यांची औषधे आणि त्वचा तपासा

वॉरफेरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर मिथाइल सॅलिसिलेटचे मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. ते त्वचेतून रक्तात उतरते आणि रक्तस्रावाचा धोका वाढवते. अ‍ॅस्पिरिनने ज्यांना अंगावर पित्त उठते किंवा दम लागतो, त्यांनी ते टाळावे. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, डायक्लोफिनॅक आणि सॅलिसिलेट दोन्ही टाळावीत. वेदनाशामक गोळ्या पोटात चालू असताना वरून त्याच गटाचे जेल भरपूर लावले, तर दोन्हींची बेरीज होते. मूत्रपिंडाचा किंवा आम्लपित्ताचा त्रास असलेल्यांनी ही बेरीज मनात धरावी.

मधुमेह असलेल्यांच्या पायांविषयी स्वतंत्रपणे सांगतो. ज्या पायांना चप्पल निसटल्याचे कळत नाही, त्यांना त्वचा भाजल्याचेही कळणार नाही. अशा पायांवर ही मलमे स्वतःच्या मनाने लावू नयेत.

लहान मुलांच्या बाबतीत माझे म्हणणे कठोर आहे: दोन वर्षांखालच्या बाळाला कापूर किंवा मेंथॉलचा बाम छातीला, नाकाला, कुठेच लावू नये. नाकाशी लावलेल्या मेंथॉलने बाळाचा श्वास अडकू शकतो, आणि कापूर पोटात गेला तर झटके येतात. अगदी लहान मुलाच्या जिवाला एखादा ग्रॅम कापूरही घातक ठरू शकतो. देवघरातली कापराची डबीसुद्धा उंचावर ठेवावी.

५. सामान जवळ घ्या

मलमाची ट्यूब तिच्या मूळ खोक्यासह ठेवावी, कारण घटक आणि सूचना पुष्कळदा खोक्यावरच असतात. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी किंवा डॉक्टरांची चिठ्ठी, अंगाचा साबण, कोरडा सुती रुमाल, वाटीत थोडे खोबरेल तेल, कॅप्सेसिन लावायचे असल्यास रबरी हातमोजे, आणि एक वही. वहीत रोज लावण्यापूर्वी आणि तासाभराने दुखणे शून्य ते दहा यांपैकी किती, एवढेच लिहावे. आईच्या वहीवरूनच मला कळले की, बाम लावल्यावर तिचे सातचे पाच होत होते, पण दीड तासात ते पुन्हा सातवर जात होते. डायक्लोफिनॅकच्या जेलने पहिल्या दिवशी काहीच बदलले नव्हते, पण तिसऱ्या आठवड्यात तिच्या सकाळच्या दुखण्याचा आकडाच चारवर आला होता.

६. लावण्याची पद्धत

पहिल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढे मलम लावून एक दिवस थांबावे. खाज, पुरळ किंवा फोड आला, तर ते मलम आपल्यासाठी नाही.

त्वचा धुऊन पूर्ण कोरडी करावी. गरम पाण्याने अंघोळ केल्याबरोबर लावू नये. अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. जखम, खरचटलेली जागा, गजकर्ण, नुकतीच दाढी केलेली किंवा केस काढलेली त्वचा, डोळे, ओठ आणि जांघ यांपासून मलम दूर ठेवावे. बामसाठी वाटाण्याएवढे पुरते; डायक्लोफिनॅकच्या जेलला गुडघ्यासाठी त्याहून जास्त, साधारण सुपारीएवढे लागते. हलक्या हाताने पसरावे. जोर लावून रगडल्याने औषध 'आत' जात नाही. कातडी मात्र सोलवटते आणि मग साधा बामही आगीसारखा लागतो. दिवसातून तीन ते चार वेळा, त्याहून अधिक नाही. हात साबणाने धुवावेत आणि कपडा चढवण्यापूर्वी दहा मिनिटे जागा उघडी ठेवावी.

आणि ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ती सूचना: मलम लावलेल्या जागेवर शेक नको, गरम पाण्याची पिशवी नको, विजेची उशी नको, बँडेज नको, प्लॅस्टिक नको, गुडघ्याचा घट्ट पट्टाही नको. उष्णतेने आणि झाकण्याने औषध त्वचेतून कितीतरी जास्त शोषले जाते, आणि आधीच चेतवलेल्या त्वचेला खरी उष्णता किती आहे हे नीट कळत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ साली अशा मलमांनी त्वचा गंभीर भाजल्याच्या तक्रारींवरून इशारा दिला होता; त्यांतल्या बहुतेक तक्रारी ३ टक्क्यांहून जास्त मेंथॉल आणि १० टक्क्यांहून जास्त मिथाइल सॅलिसिलेट असलेल्या मलमांविषयी होत्या. वर तिसऱ्या भागात दिलेली टक्केवारी पुन्हा पाहा. आपल्याकडचे नेहमीचे जेल त्याच पायरीवर बसते. शेक हवाच असेल तर सकाळी शेक आणि रात्री मलम, असे वेगळे करावे.

मैदानी खेळ खेळणाऱ्या मुलांच्या पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २००७ साली न्यूयॉर्कमध्ये एका १७ वर्षांच्या धावपटू मुलीचा मृत्यू मिथाइल सॅलिसिलेट अंगात प्रमाणाबाहेर भिनल्याने झाला. एकाच वेळी पाय, कंबर आणि खांदे अशा मोठ्या भागावर, रोज, व्यायामाने तापलेल्या त्वचेवर ही मलमे चोळणे सुरक्षित नाही.

७. मिरचीचे मलम: याला वेगळा धीर लागतो

कॅप्सेसिनचे मलम साधारण ०.०२५ टक्के आणि ०.०७५ टक्के अशा दोन शक्तींत मिळते. पहिले सांध्यांच्या झिजेसाठी, तर दुसरे मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी, उदाहरणार्थ नागीण बरी झाल्यावरही महिनोन्महिने राहणाऱ्या आगीसाठी डॉक्टर सुचवतात. नागिणीचे फोड पूर्ण वाळून खपल्या पडल्याशिवाय ते लावायचे नाही.

हे मलम लगेच आराम देत नाही; पहिल्या आठवड्यात उलट जळजळ वाढते. वारंवार चेतवल्याने मज्जातंतूंची टोके हळूहळू बधिर होतात आणि मग वेदना कमी होते. त्यासाठी दोन ते चार आठवडे लागतात. इथला सापळा असा की, जळजळ होते म्हणून लोक दिवसाआड लावतात. तसे केले तर टोके बधिर होत नाहीत, जळजळ तेवढी प्रत्येक वेळी नव्याने भोगावी लागते. एकतर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दिवसातून तीन-चार वेळा नेमाने लावावे, नाहीतर लावूच नये.

हातमोजे घालून लावावे, नंतर हात साबणाने दोनदा धुवावेत. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून नुसते पाणी ओतल्याने ते जात नाही. बोटांच्या सांध्यांनाच लावले असेल, तर अर्धा तास थांबून मग हात धुवावेत आणि तोवर डोळे, नाक, कॉन्टॅक्ट लेन्स यांना हात लावू नये. मी एकदा आईच्या गुडघ्याला लावून, हात पाण्याखाली धरून, तासाभराने डोळा चोळला होता. मिरच्यांचा ठेचा करून डोळ्याला हात लागावा, तसेच झाले. ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टीही असते, परंतु ती रुग्णालयात, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली लावायची असते. घरी लावण्याची ती वस्तू नव्हे.

८. घरचे लेप, आणि बिब्बा

मोहरीचे पोटीस, सुंठेचा उगाळून केलेला लेप, कापूर घातलेले खोबरेल तेल, ओव्याची पोटली या सगळ्यांचे काम वर सांगितलेल्या वाटेनेच होते. ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर हे तिन्ही कोरडे खडे एका बाटलीत घातले की आपोआप पाणी होते, हे पुष्कळांनी घरी पाहिले असेल. ते द्रावण फार तीव्र असते. दोन थेंब चमचाभर खोबरेल तेलात मिसळूनच वापरावे. मोहरीचे पोटीस पातळ फडक्यात बांधून दहा मिनिटांत काढावे. लसूण ठेचून त्वचेवर रात्रभर बांधणे टाळावे, त्याने खरोखर भाजते.

बिब्ब्याविषयी मात्र मला तडजोड करायची नाही. गुडघ्यावर, टाचेवर किंवा कमरेवर बिब्बा घालण्याची चाल गावाकडे अजून आहे. बिब्ब्याचे तेल त्वचेला नुसते लाल करत नाही, तर तीव्र अ‍ॅलर्जी उठवते. लावलेल्या जागी काळा डाग, फोड आणि पाझर येतो, आणि ज्यांना तो उततो त्यांच्या चेहऱ्यापर्यंत सूज जाते. शुद्ध केलेला बिब्बा, म्हणजे आयुर्वेदातला भल्लातक, वैद्यांनी देणे ही वेगळी गोष्ट आहे. घरी सुई तापवून काढलेले तेल कोणाच्याही त्वचेवर लावू नये.

९. कधी थांबायचे, आणि चूक झाली तर

साधे दुखणे सात दिवसांत कमी झाले नाही, किंवा कमी होऊन पुन्हा उलटले, तर मलम बदलण्याऐवजी तपासणी करून घ्यावी. आम्ही तीन ब्रँड बदलण्यात पाच महिने घालवले आणि त्या काळात आईच्या मांडीचे स्नायू आणखी अशक्त झाले. खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा आकडे धरण्याचा जो व्यायाम पुढे फिजिओथेरपिस्टने शिकवला, त्याने तिला कुठल्याही ट्यूबपेक्षा जास्त दिले.

लावल्यावर आग असह्य झाली, तर आधी कोरड्या रुमालाने मलम पुसून काढावे, कॅप्सेसिन असेल तर वर खोबरेल तेल फिरवून पुन्हा पुसावे, मग साबण आणि साध्या पाण्याने धुवावे व गार पाण्याची घडी ठेवावी. थेट बर्फ नको. डोळ्यात गेल्यास वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावे. फोड आला तर फोडू नये, त्यावर हळद-चुना भरू नये.

मलम लावणाऱ्याला कानात गुणगुण, मळमळ, जोरजोराने श्वास किंवा गुंगी जाणवू लागली, तर ते सॅलिसिलेट अंगात भिनल्याचे लक्षण असू शकते. जागा धुऊन थेट रुग्णालयात जावे. मुलाच्या तोंडात तेल किंवा बाम गेला असेल, तर उलटी करवू नये, दूध-मीठ पाजू नये. किती गेले याचा अंदाज घेत बसू नये. मुलाला उचलावे, बाटली किंवा ट्यूब खोक्यासह हातात घ्यावी आणि निघावे, कारण आत नेमके काय आणि किती टक्के होते हाच प्रश्न डॉक्टर सर्वांत आधी विचारतील.